मोघेकाकांच्या आठ्या

मोघेकाकांना 'थोडं' या शब्दाचा राग आहे. थोडं म्हणजे किती, हे कळल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर सुटे भाग मोजून नापास केले; निवृत्तीनंतर भागांऐवजी माणसं मिळाली, एवढाच फरक. मंडईत मेथीवाल्या मावशी "ताजी आहे" म्हणाल्या, की काका विचारणार, "ताजी म्हणजे कधीची? नेमकं सांगा."

एकदा मावशी वैतागल्या. "जुडीबरोबर जन्मदाखला देऊ का?"

"असेल तर द्या."

त्यात त्यांचं कपाळ! भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, इतक्या खोल की समोरच्याने न केलेला गुन्हाही कबूल करावा. आमचा वॉचमन त्यांना पाहून लावलेलं फाटक पुन्हा लावतो.

असे हे काका एका सकाळी माझ्या दारात उभे. "वीणा, ते सुरकुत्यांचं इंजेक्शन किती दुखतं?"

भाचीच्या लग्नाआधी मी ते घेतलं होतं. हे फक्त मला आणि माझ्या बहिणीला माहीत होतं. म्हणजे अख्ख्या सोसायटीला.

"थोडंसं," मी म्हणाले आणि जीभ चावली.

"दहापैकी किती?"

"दोन-तीन. पण कुणाला घ्यायचंय?"

"मला. तू बरोबर चल. मला सुईची भीती वाटते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कपाळाला बर्फ लावत म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं, काका."

"काळी की लाल?"

"लाल," त्या हसल्या. "पण लहान."

पाच ठिकाणी टोचायचं होतं. काकांनी डोळे मिटले आणि माझा हात असा आवळला की अंगठी बोटात रुतली. दर टोचणीला ते गुण देत होते. "दोन... दोन..." नाकाच्या वर, मधोमध सुई गेली तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. "साडेतीन!" मग "अडीच... अडीच."

उठून बसत म्हणाले, "सरासरी अडीच. दाढ काढली तेव्हा सात होतं."

माझ्या बोटाचं कुणी विचारलं नाही.

परतताना रिक्षात मला राहवलं नाही. "काका, या वयात हे कशाला?"

ते म्हणाले, "हिचं ऐकणं गेलं ना वर्षापूर्वी. यंत्राचाही उपयोग नाही. आता ती माझा चेहरा बघूनच ठरवते मी काय बोलतोय ते. परवा मी विचारलं, बागेत जाऊ या का? तर रडवेली होऊन म्हणाली, माझं काय चुकलं?"



पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे ढोकळा द्यायला गेले. काका टेबलाशी गवार निवडत होते. कपाळ कसं इस्त्री केल्यासारखं! ऐकू न येणाऱ्या माणसांसारखं काकू मोठ्यांदा कुजबुजल्या, "अगं वीणा, यांना झालंय तरी काय? हल्ली सारखे माझ्यावर खूश असतात!"

"आधीही होतो," गवारीवरची नजर वर करून काका म्हणाले.

काकूंना ते ऐकू आलं नसणार. पण त्या काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि लाजल्या.