खोट्या ग्रामसभेची खरी दवंडी

"मोबाईलवर शिकता येतंय, तर कॉलेजात जायचं नडलंय कशाला?" पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवता चढवता सिताराम लेकीला म्हणाला. "तू तिकडं बाकावर, अन् हितं डब्यांची रांग. शनिवारी मी सोता येऊन बघतो. काई खास दिसलं न्हाई, तर सोमवारपासून तू गिरणीवर."

बी.ए.चं पहिलं वर्ष सत्यशीलानं बाहेरूनच केलं होतं, ह्याच गिरणीत, मोबाईलवर राज्यशास्त्राचे व्हिडिओ बघत. गिरणी चालू असली की मोबाईलमधले सर नुसते ओठ हलवायचे. संसदेचा धडा म्हटलं की सरांनी हात किती उंच नेले होते, तेवढंच तिला आठवायचं.

यंदा ती गावच्या कॉलेजात जायला लागली आणि तिला शोध लागला, की सर जिवंत असतात! त्यांना घाम येतो, त्यांचा खडू मोडतो, आणि आपण जांभई दिली तर ती त्यांना दिसते. आपल्याला न कळलेलं शेजारच्या निकितालाही कळलेलं नसतं, याचा तर केवढा आधार वाटतो. तिला तो वर्ग लय म्हणजे लय आवडला होता. फक्त तिथं तोंड उघडायचं म्हटलं की ती वहीत डोकं घालायची.

आणि नेमकं धम्मानंद सरांनी शनिवारच्या तासाला वर्गात नमुना ग्रामसभा ठेवली आणि सरपंच केलं सत्यशीलाला. सभेची सूचना द्यायचं काम वर्गातल्या मुंजाजीकडे आलं. "दवंडीपासून सगळं नियमानं झालं पाहिजे बरं का," सर म्हणाले. त्यांच्या मनात होतं, पोरगा बाक बडवून दोन वाक्यं बोलेल.

शनिवारी वर्गात बाकं कमी आणि माणसं जास्त झाली. दारात चपलांचा ढीग, खिडक्यांत डोकी. सर गांगरले.

"मुंजाजी, हे काय?"

"सर, तुमीच म्हणलात ना, नियमानं. आमी बापूच्या टमटमला भोंगा लावून गावभर फिरलाव. शनिवारी कॉलेजात ग्रामसभा हाय, समद्यांनी यावं."

"अरे, नमुना म्हणून सांगितलंस का?"

"दवंडीत तसं कुठं म्हणतेत, सर?"

सरांनी हात जोडले. "मंडळी, ही खोटी ग्रामसभा आहे. मुलांच्या अभ्यासासाठी."

"मग असू द्या की," पहिल्या बाकावर ऐसपैस बसलेल्या नर्मदाबाई म्हणाल्या. "खऱ्या सभेत तरी आमचं कोण ऐकतंय? आमच्या गल्लीत नळाला पाणी न्हाई, त्याचं बोला."

त्यासरशी सगळेच बोलायला लागले. कुणाचं घरकुल, कुणाचा रस्ता, कुणाचा विजेचा खांब. तेवढ्यात दारातून गावचे खरे सरपंच माणिकराव लालबुंद होऊन आत आले. "माझ्या माघारी ग्रामसभा? आन् त्या खुर्चीवर कोण बसलंय?"

खुर्चीवर सत्यशीला बसली होती. तिनं माईक हातात घेतला, तर लाईट गेली. पंखे थांबले, गलका वाढला. लाईट नाही म्हणजे गावातली गिरणीही बंद. सिताराम पिठानं पांढरा झालेला, दारात येऊन उभा राहिला.

बाप दिसला आणि सत्यशीलाला काय झालं कुणास ठाऊक! गिरणीच्या खडखडाटावर मात करायला कमावलेला आवाज एकदम फुटला. "एऽऽ, गप बसा समदे! घुसाघुशी न्हाई चालायची! डबे लाईनीत ठेवा, नंबरानं दळून मिळंल!"

डबे कुणाकडेच नव्हते, पण माणसं खरंच लाईनीत उभी राहिली.

"आधी नर्मदाबाई," ती म्हणाली. "माणिककाका, पाणी कामून येत न्हाई?"

"आगं, तो व्हॉल्व्ह..." माणिकराव उभ्या उभ्या चाचरले.

"कधी बसवता?"

"सोमवारी बसवतो, बाई." आणि गावानं टाळ्या वाजवल्या. शेजारच्यांनी सरकून जागा केली, तसे माणिकरावही घाम पुसत बाकावर बसले. धम्मानंद सरांना इतका आनंद झाला, की हजेरी घ्यायची राहूनच गेली.

मागून एक पांढरा हात वर आला. "सरपंचबाई, गिरणीपुढच्या नालीचं काय?"

"बाबा, तुमी आत्ता आलाव. मागं उभं ऱ्हावा." सभा खदखदून हसली, आणि सिताराम मुकाट्यानं लाईनीच्या शेवटी गेला.

घरी जाताना तो दोन पावलं पुढंच राहिला. भर गावात बापाला मागं उभं केलं, आता संपलंच आपलं कॉलेज, असं धरून सत्यशीला खाली मान घालून चालली. शेवटी तिच्यानं राहवेना.

"बाबा, सोमवारपासून गिरणीवर बसू का?"

"गिरणी मी बघतो," सिताराम म्हणाला. थोडं चालून त्यानं विचारलं, "पुढल्या शनिवारी काय हाय तुमच्या वर्गात?"

"संसद."

"मी येतो. सरांना म्हणावं, मला विरोधी पक्षात घ्या." मग हाताचं पीठ झटकत म्हणाला, "आन् अध्यक्ष दुसरं कुणी बघा. तू माणसाला बोलूच देत न्हाईस."