कड्यावरचं स्वागत

खडकाळ किनाऱ्याची हेलिकॉप्टरमधून पाहणी करायचं खात्याने ठरवलं, त्याला सबळ कारण होतं. टोकाच्या कड्यावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराने वायरलेसवरून कळवलं होतं, की अंगणातली भेग आता स्वयंपाकघरात शिरली आहे, मला आणि बायकोला इथून हलवा. तिथे रस्ता जात नाही, होडी लागत नाही. आणि कडा धोक्याचा असल्याचा सर्वेक्षकाचा दाखला असल्याशिवाय माणसं हलवता येत नाहीत. नियम चांगलाच आहे. नाहीतर कोणीही उठून जीव वाचवून घेईल.

हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाखेरीज साहेब, सर्वेक्षक आणि त्याचं मोजणीचं यंत्र एवढंच मावत होतं. साहेबांच्या सौभाग्यवतींनी समुद्र वरून पाहिलेला नाही, ही गंभीर उणीव ऐन वेळी लक्षात आली. यंत्र उतरवलं. मग सासूबाई डबा घेऊन हजर झाल्या.

"आई एकटी घरी बसून काय करेल?" सौभाग्यवतींनी विचारलं.

साहेबांनी सर्वेक्षकाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही किनारा रोजच नकाशात बघता. पाहणीला नजर कशी, कोरी हवी."

"पण साहेब, ती भेग?"

"असली तर दिसेलच की. डोळे आहेत आम्हाला."

हेलिकॉप्टर कड्यावर घिरट्या घालू लागलं तसा रखवालदार धावत बाहेर आला आणि दोन्ही हात हलवू लागला. त्याच्या बायकोने लाल चादर फडकवली.

"अगं बाई, किती प्रेमळ माणसं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनीही हात हलवला.

"उतरायचं का?" वैमानिकाने विचारलं.

"नको. जेवल्याशिवाय सोडणार नाहीत," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला.

अहवालात आलं, की किनारा जागच्या जागी असून स्थानिकांत उत्साह आहे. भेग हेलिकॉप्टरच्या सावलीत आल्याने आढळली नाही. खाली सही सर्वेक्षकाचीच लागते. तो जरा कुरकुरला, पण पाहणीला गैरहजर राहिल्याची नोटीस त्याला आधीच मिळाली होती, तेव्हा त्याने सही केली.

हल्ली वायरलेसवर कड्यावरून काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

फोटो मात्र झकास आला. खात्याने त्याचं कॅलेंडर छापून घरोघर वाटलं. तुमच्या स्वयंपाकघरात लावलंय ना, तेच. परवा पाहुण्यांनी तुम्हाला विचारलंही, हे दोघं एवढा कुणाला हात करतायत? चहा गाळता गाळता तुम्ही म्हणालात, "आपल्यालाच."