दोन बाजारांची मुदत

दगा नानांना राम राम घालायची सोय नाही. तुम्ही राम राम म्हणायला तोंड उघडलं, की ते खिशातून दोन सेलची बॅटरी काढतात. "मिटू नको, मिटू नको. दखू दे!"

नाना वीज खात्यातले निवृत्त वायरमन. आमच्या कोरीट गावात त्यांचं घर माझ्या घराला लागून, म्हणजे माझ्या नशिबी रोजचीच तपासणी. जन्मभर खांबावर चढून फॉल्ट शोधले, आता गावाच्या तोंडात शोधतात. गाल, जीभ, जिभेखाली, टाळू. पाच वर्षांपूर्वी नानी गालातल्या गाठीने गेल्या, तेव्हापासूनचं हे खूळ. वाईट वाटतं हो, पण माणसाने सहन तरी किती करायचं? मी शाळामास्तर. सकाळी नंदुरबारची गाडी गाठायची असते आणि हे दारात बॅटरी घेऊन उभे!

एकदा माझ्या टाळूवर त्यांना कडक उंचवटा सापडला. "फॉल्ट शे!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. रजा टाकून डॉक्टर गाठला, तर तो म्हणाला, हे हाड आहे, पुष्कळांना असतं, काही करायचं नाही. मी तणतणत परत आलो. नानांना ना लाज ना खंत. "बरं व्हयनं ना? आते झोप निवांत."

त्यांचा एकच कायदा, "दोन बाजार". गाल चावला, दात लागला, तर फोड येतो, गाठ येते. त्याला दोन आठवडी बाजारांची, म्हणजे पंधरा दिवसांची मुदत. तेवढ्यात गाठ, चट्टा, जखम, काहीही गेलं नाही की दवाखाना. "पण दुखत नही ना, नाना," म्हणालात की भडकलेच. "दुखत नही म्हनीसनच तं लोके बशी ऱ्हातस!"

माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी अब्रूच घालवली. पंगतीत वरण-बट्टी वाढणं चाललेलं, आणि नाना स्वतःचं ताट सोडून ठेच्याला कोण नको म्हणतंय ते बघत होते. खानदेशी माणसाला मिरची झोंबायला लागली म्हणजे तोंडात काहीतरी आहे, हा त्यांचा सिद्धांत. नेमका माझ्या व्याह्यांनीच ताटावर हात आडवा धरला. झालं! भर पंगतीत बॅटरी. "व्याही, आ करा बरं." व्याही ताटावरून उठायलाच निघाले. मी महिनाभर नानांशी बोललो नाही. मग व्याह्यांचा फोन आला. गालात आतून छोटी गाठ होती, वेळेत काढली, नानांना नमस्कार सांगा. मी सांगितला. नाना म्हणाले, "नमस्कार ऱ्हाऊ दे. पहिले तू आ कर."

गेल्या महिन्यात भावकीत साखरपुडा होता. नाना माझ्या शेजारीच बसलेले. वाढप्याने ठेचा आणला आणि नानांनी ताटावर हात आडवा धरला. मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं.

"पोट बिघडेल शे," ते घाईने म्हणाले.

जेवण झाल्यावर त्यांना जवळजवळ ओढतच त्यांच्या ओट्यावर आणलं. "किती बाजार व्हयनात?"

नाना पायातल्या चपलांकडे बघत राहिले. "पाच."

"पाच? अख्खा गावले दोन आणि तुमले पाच? डोकं ठिकाणावर शे का, नाना?" मी खरोखर ओरडलो.

नाना म्हणाले, "नानी तंबाखूनी मिसरी लाये. तोंडसमोर पदर धरीसन बोले. चाळीस वरीस तिन्हा हातनं खादं, पन तिले एकदा बी 'आ कर' म्हनं नही. तिनी गाठ बी डावा गालमाच व्हती." त्यांनी स्वतःच्या डाव्या गालावर हात ठेवला. "आरसामा दखाले गऊ, तं हात थरथर करस. बॅटरी कोन धरी?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं या माणसासमोर तोंड उघडून उभा राहिलो, पण याच्या तोंडात बघणारं घरात कुणी नाही हे कधी मनातही आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. त्यांच्या खिशातून बॅटरी काढली. "आ करा."

त्यांनी आ केला. गालात पांढरट चट्टा आणि त्यात हरभऱ्याएवढी गाठ. बॅटरी जरा बाजूला सरकली, तसं नानांनी माझं मनगट धरून उजेड नेमका तिथे आणला.

"दिसना का फॉल्ट?"

"दिसना. सकायले पहिली गाडी. दवाखानामा."

गावातल्या कितीतरी जणांना हाताला धरून दवाखान्यात नेलेला हा माणूस. बॅटरी त्यांनी परत मागितली नाही. मनगटही सोडलं नाही.

"तू येशी ना संगे?"