वीतभर नळी

गाडी आपण स्वतःच दुरुस्त करायची, असं जावईबापूंनी सोमवारी सकाळी दात घासताना ठरवलं. ते आवक-जावक विभागात कारकून होते. त्यांच्या हातून आजवर दुरुस्त झालेली एकमेव वस्तू म्हणजे ऑफिसातलं स्टेपलर (तेही पुढे साहेबांच्या बोटात घुसलं).

पण प्रसंगच तसा होता. चाळीस वर्षं गॅरेज चालवून आणि दुनियेच्या गाड्यांचा धूर गिळून सासऱ्यांची फुप्फुसं थकली होती. आता ते लेकीच्या घरी खिडकीशी कॉटवर पडून असत, नाकात ऑक्सिजनची नळी. मंगळवारी त्यांना हॉस्पिटलात न्यायचं होतं, आणि ही तारीख चुकली तर पुढचं आपण सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सासरे परक्या गाडीत बसायला तयार नव्हते. त्यांची स्वतःची तेवीस वर्षांची गाडी मात्र आठवडाभर खिडकीबाहेर जागच्या जागी आचके देत होती, आणि दुसऱ्या मेकॅनिकचा हात तिला लागलेला त्यांना चालत नव्हता.

"मी मेल्यावर काय ते करा," ते म्हणत. जावईबापूंना भीती वाटत होती ती याचीच.

इंजिन सुरू केल्यावर सासऱ्यांनी पडल्या पडल्या कान दिला. "एक सिलिंडर मारत नाही," ते दम घेत खिडकीतून म्हणाले. "प्लगच्या वायरी एकेक काढून बघा, जावईबापू. जी काढल्यावर आवाजात फरक पडणार नाही, तिचा सिलिंडर मेला समजा."

जावईबापूंनी पहिली वायर काढली. फरक पडला. ते स्वतः दोन फूट मागे जाऊन पडले.

"हातमोजे घालून," सासरे म्हणाले. (ही सूचना त्यांनी मुद्दाम उशिरा दिली, असं जावईबापूंचं अजूनही मत आहे.)

तिसऱ्या वायरीला फरक पडला नाही. तिसरा प्लग पुसला, बदलला, तरी आचके तसेच.

"मग तिथेच कुठेतरी हवा ओढतंय," सासरे म्हणाले. "एखाद्या नळीला चीर असेल. कानाला एक नळी लावा आणि दुसरं टोक इंजिनावर फिरवा. फुसफुस वाढली की सापडलं."

सासऱ्यांच्या नाकातली सोडली तर घरात नळी एकच होती. कपाटातल्या पाकिटात, ऑक्सिजनची, जादा म्हणून ठेवलेली. बायको बाजारात गेली होती, तेव्हा विचारायचं कुणाला? जावईबापूंनी नळी कानाला लावली आणि अर्ध्या तासात चीर सापडली. मागच्या बाजूला वीतभर लांबीची बारीक रबरी नळी होती, ती उभी फाटली होती. बोटाने दाबताच इंजिन एकदम शहाण्यासारखं चालायला लागलं. सोमवारी स्पेअर पार्टची दुकानं बंद, आणि हातातल्या नळीचं टोक तर तिथे अगदी नेमकं बसत होतं. त्यांनी टोकाकडून वीतभर तुकडा कापला, इंजिनात बसवला आणि उरलेली नळी नीट गुंडाळून पाकिटात ठेवली.

"आता बरोबर," खिडकीतून आवाज आला.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि सासऱ्यांनी त्यांना बरोबर म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या दिवशी जावईबापू दोन घास जास्त जेवले.

मंगळवारी सासऱ्यांना मागच्या सीटवर बसवलं. शेजारी बायको, तिच्या पायाशी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. जावईबापूंनी गाडी सुरू करून ठेवली, मग अदबीने मागचं दार लावलं. नळी दारात सापडली आणि चिरडली.

"जादा नळी आणा, कपाटात आहे," बायको म्हणाली. जावईबापू जागचे हलेनात. "अहो, नळी."

"ती गाडीत आहे."

"मग द्या ना इकडे."

"म्हणजे इंजिनात आहे. उरलेली आहे घरात, पण सिलिंडरला लागतं ते टोक..."

जावईबापूंनी धावत बॉनेट उघडून तुकडा ओढला. तो कालच्या उष्णतेने लोखंडाला चिकटला होता, हातात अर्धाच आला. आता ना सासऱ्यांना नळी ना इंजिनाला. म्हाताऱ्याचे ओठ काळेनिळे पडत चालले होते, आणि ते नुसते समोर बघत होते.

बायकोने पर्समधल्या कात्रीने चिरडलेला भाग कापला. नवऱ्याच्या खिशातलं पेन काढून मोडलं, त्याची पोकळ नळी दोन्ही टोकांत खुपसली आणि तो जोड मुठीत आवळून धरला.

"चालवा," ती म्हणाली.

गाडी पुन्हा आचके देत निघाली. सिग्नलपाशी जावईबापूंनी आरशात पाहिलं, तर सासऱ्यांनी तीन बोटं वर केली होती.

"तीन मिनिटं?" जावईबापूंना रडू फुटलं. "बाबा, तीनच?"

"तिसरा सिलिंडर म्हणतायत," बायको म्हणाली. "तुम्ही समोर बघा."

पोचले. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटांनी आला असतात तर आणण्यात अर्थ नव्हता. चार दिवस सासरे मास्क लावून निपचित होते. बायको उशाशी बसे. जावईबापू दाराबाहेरच्या बाकावर बसत. आत जायला त्यांना तोंड नव्हतं.

पाचव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. बरोबर काय काय सामान द्यायचं, याची नर्स यादी करत होती. सासऱ्यांनी मास्क न काढता हाताने खूण करून जावयाला आत बोलावलं आणि तिच्याकडे कागद मागितला. जावईबापू पायथ्याशी हात जोडून उभे राहिले. झालं गेलं विसरून जा, असंच काहीसं असणार, या विचाराने त्यांचे डोळे आधीच भरले होते. म्हाताऱ्याने बराच वेळ काहीतरी लिहिलं, त्यांच्याकडे एकदा शांतपणे पाहिलं आणि कागद नर्सला दिला.

"जादा नळ्या दोन द्या," नर्सने वाचलं. "एक मला, एक जावईबापूंना."