रावसाहेब आयडल!

पस्तीस साली अख्ख्या लोणावळ्यात आयडल, लेझी आणि स्लो यांतला फरक जाणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे मी! बाकीचे मॅट्रिकवाले तिन्हींचा अर्थ 'आळशी' असा सांगून मोकळे व्हायचे.

साहेबलोकांशी बोलता यावं म्हणून बंगलेवाल्यांच्या मंडळानं माळ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला होता. मास्तर मी, पण हंगामी. कायम झालो की मंडळाच्या दोन खोल्या मिळणार होत्या, आणि तळेगावला सासऱ्यांच्या ओटीवर अंथरूण टाकायचं माझं एकदाचं सुटणार होतं! मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब वर्गाची परीक्षा घ्यायला येणार, त्यावर सगळं ठरणार होतं.

मी माळ्यांकडून पक्कं घोटून घेतलं. घाट चढणारं मालगाडीचं इंजिन, स्लो. ओढायला गाडी नाही म्हणून स्टेशनात उभं असलेलं इंजिन, आयडल. आणि नांगराला जुंपल्यावर चिखलात बसकण मारतो तो बैल, लेझी!

रावसाहेब आले. इंजिनं झाली, बैल झाला. ते माझ्याकडे बघून हसलेसुद्धा! मग म्हणाले, "पाठ केलेलं पुरे. आता आपल्या मनानं सांगा. लेझी कोण?"

त्यांच्याच बंगल्यावरचा माळी, कुरवंड्याचा रखमाजी, ताडकन उठला. "लेझी म्हंजी तुमी, रावसाहेब!"

रखमाजी तेवढ्यावर थांबला नाही!

"माज्या खोलीची कौलं फुटल्यात. दोन पावसाळं सांगतोय. काम हाय, पर तुमी बसून!"

रावसाहेब लालबुंद झाले. मी गप्प राहिलो असतो तर तेवढ्यावर निभावलं असतं. पण चुकीचा शब्द कानावर पडला की माझं डोकंच फिरतं.

"चूक! साफ चूक, रखमाजी!" मी ओरडलो. "लेझी व्हायला आधी काम असावं लागतं. कौलं बघणं दिवाणजींचं काम! रावसाहेबांना जन्मात काम नाही. म्हणून ते आयडल!"

"व्हय की!" रखमाजीला एकदम पटलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "रावसाहेब आयडल!"

"मास्तर, आणि मी स्लो नाही ना?" रावसाहेबांनी थंडपणे विचारलं.

"छे! आपले निर्णय तर झटपट!"

झटपटच होता. माझ्या जागी त्यांचा भाचा आला. तो तिन्हींचा अर्थ 'आळशी' सांगतो आणि माझ्या दोन खोल्यांत राहतो. रखमाजीची कौलं मात्र दुसऱ्याच दिवशी बदलली, कारण रावसाहेबांना कुणी लेझी म्हटलेलं नको होतं! शिकवलं मी, आणि डोक्यावर छप्पर आलं त्याच्या. अजून आठवलं की जळफळाट होतो.

मी पुन्हा तळेगावच्या ओटीवर. सासरे माधवराव म्हणाले, "जावईबापू, नुसतेच बसलात?"

"काम नाही म्हणून बसलोय. याला आयडल म्हणतात. काम असून बसतो तो लेझी!" मी चिडून सगळा फरक समजावला.

सासऱ्यांनी मान डोलावली. आत गेले, कुऱ्हाड आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

"परसात बाभळीचे ओंडके पडलेत. आता बसून राहिलात तर कोण?"

इतका हुशार विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नव्हता. मी उठलो. जमेल तितका स्लो!