तीन सुना आणि एक सूप

"जे घर संगणक विकत आणतं ते दुसऱ्याच्या तालावर नाचतं. जे घर संगणक बांधतं ते स्वतःच्या पायावर उभं राहतं."

सेनगावातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत गणिताचे निवृत्त शिक्षक विश्वंभर गुरुजी यांनी हे उद्गार काढले, तेव्हा त्यांच्या मुठीत पाच स्क्रू शिल्लक होते आणि ते कुठले हे त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी ते हळूच सदऱ्याच्या खिशात सोडले.

"बांधतं म्हंजी?" त्यांच्या पत्नी गोजरबाईंनी तुरीची डाळ पाखडता पाखडता विचारलं. "ते काय न्हाणीघर हाय?"

"सुटे भाग आणून जोडणे याला बांधणे म्हणतात."

"बराबर," संतराम म्हणाला. संतराम हा गोजरबाईंचा धाकटा भाऊ. कनेरगाव नाक्याहून तो बहिणीला भेटायला दोन दिवसांसाठी आला होता आणि ते दोन दिवस अजून संपायचे होते. बांधकामात त्याच्याकडे दोन कामं होती. बॅटरी धरणं आणि बराबर म्हणणं.

गुरुजींनी सुटे भाग पंधरा दिवस एकेक करून नांदेडहून मागवले होते. त्यांचं खोकं पुढच्या खोलीत कपाटाखाली असे, आणि शॉक बसेल या धास्तीनं गोजरबाई त्याला केरसुणीसुद्धा लावत नसत. ही सोय गुरुजींच्या चटकन ध्यानात आली. कारण गुरुजी तंबाखू खात. चोरून खात. तीस वर्षं शाळेत पोरांकडून तंबाखूविरोधी शपथ वदवून घेतलेला माणूस चारचौघांत मळणार कसा? तंबाखूची पुडी ते न्हाणीघराच्या वळचणीला ठेवत आणि चुन्याची ट्यूब, आता नवी जागा सापडल्यावर, या खोक्यात. कुणी ओळखू नये म्हणून तिचं लेबलही त्यांनी नखानं खरवडून काढलं होतं. घरात हे फक्त संतरामला माहीत होतं, कारण दुपारी छतावर जाऊन मळायला दुसरं कुणीतरी सोबत लागतं.

त्याच खोक्यात प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये लावायची पेस्ट होती. तीही पांढरी, तीही करंगळीएवढ्या ट्यूबमध्ये, आणि तिच्यावर मुळातच काही लिहिलेलं नव्हतं. गुरुजींनी ती लावली तेव्हा त्यांचा चष्मा गोजरबाईंच्या शिवणाच्या डब्यात होता.

संगणक सुरू झाला. पहिल्याच बटनाला झाला, हे कबूल केलं पाहिजे. पडद्यावर निळा उजेड पडला आणि गुरुजींच्या तोंडावरही पडला. त्यांनी त्यात संगणक चालवणारी पहिली सिस्टीम घातली. दोन दिवस अर्ध्या गल्लीनं येऊन पाहून घेतलं, चहा घेतला आणि गुरुजींचे पाचही स्क्रू त्यांच्या खिशात सुखानं वाजत राहिले.

तिसऱ्या दिवशी संगणक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडला. चौथ्या दिवशी तिसाव्या मिनिटाला.

"काहून बंद पडून राहिलं, दाजी?" संतरामनं विचारलं.

आता खरं म्हणजे गुरुजींना हे ठाऊक नव्हतं. पण "माहीत नाही" हे शब्द त्यांनी वर्गात कधी वापरले नव्हते, आणि मेहुण्यासमोर सुरुवात करणं त्यांना जड गेलं. "सिस्टीम जड आहे," ते म्हणाले. "लाडावलेली. आपण हलकी घालू."

त्यांनी दुसरी घातली, फुकट मिळणारी. ती पंचवीस मिनिटं चालली. मग तिसरी घातली, तिच्याहून हलकी. ती वीस मिनिटं. पहिल्या दोन पुसायचं त्यांना जमलं नाही, म्हणून त्याही आत राहिल्या. आता बटन दाबलं की पडदा नम्रपणे विचारी, तिघींपैकी कोण हवी? शेजाऱ्यांनी हे पाहिलं आणि आश्चर्य केलं.

"मुद्दाम घातल्यात," गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. "थोरली, मधली, धाकटी. एका घरात तीन सुना, पण भांडण नाही."

ही गोष्ट दोन दिवसांत आठवडी बाजारापर्यंत पोचली. गुरुजी भाजी घ्यायला गेले तर लोक विचारत, "काय गुरुजी, सुना बऱ्या हायेत का?" गुरुजी मान हलवत आणि वांगी न निवडताच घरी येत.

छतावर वेगळीच तक्रार चालू होती. "दाजी," तळहातावर अंगठा घासत संतराम म्हणे, "ह्या चुन्याला दम न्हाई. मळता मळता हात दुखला, पर चिमटा बसंना."

"हल्ली कशातच दम राहिला नाही," गुरुजी म्हणत आणि चिमूट गालात सोडत.

एवढ्यावर भागलं असतं. पण कोमलला मुलाखतीचं बोलावणं आलं. कोमल ही गुरुजींची एकुलती एक लेक. शेतकी पदवीधर. पुण्याच्या एका बियाण्याच्या कंपनीत तपासनीसाची जागा होती आणि वर्षभरात आलेलं हे पहिलंच बोलावणं. बुधवारी अकरा वाजता, पंचवीस मिनिटं, घरबसल्या पडद्यावर.

"मी मोबाईलवर देते, बाबा," कोमल म्हणाली.

"घरात तीन-तीन सुना असताना लेकीनं मोबाईलवर मुलाखत द्यायची?" हे वाक्यही निघून गेलं. गुरुजींची वाक्यं हल्ली त्यांना न विचारता निघत.

"पण नेट तर माझ्या मोबाईलचंच लागतंय त्याला."

"नेट मोबाईलचं. चेहरा संगणकावर."

कोमलनं बापाकडे पाहिलं आणि मान डोलावली. ती अडून बसली असती तर बरं झालं असतं असं गुरुजींना पुढचे तीन दिवस वाटत राहिलं. धाकटी वीस मिनिटं चालते आणि मुलाखत पंचवीस मिनिटांची आहे, हे गणित घरात एकट्या गुरुजींना माहीत होतं. हे लेकीला सांगायला ते दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. एकदा तिला चहा विचारून परत आले. दुसऱ्यांदा, चहा हवाच का, हे विचारून.

मग त्यांनी वही काढली. संगणकाच्या डब्याचं झाकण उघडं ठेवलं, स्वयंपाकघरातला टेबल फॅन आणून डब्यासमोर लावला. एकावर चोवीस मिनिटं, दोनवर अठ्ठावीस, तीनवर बत्तीस. सात मिनिटं वर उरत होती. गुरुजींना त्रैराशिकाबद्दल पुन्हा आदर वाटू लागला.

"माझा पंखा कुठंय?" गोजरबाईंनी आतून विचारलं.

"शिक्षणाच्या कामाला नेलाय."

बुधवारी अकराला कोमल साडी नेसून पडद्यासमोर बसली. मोबाईल शेजारी ठेवून नेट जोडलं. धाकटी सुरू झाली, फॅन तीनवर घोंघावू लागला. पडद्यावर एक चष्मेवाले साहेब आणि एक मॅडम उमटल्या. गुरुजी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेतानं टेबलाच्या कडेला उकिडवे बसले. संतराम दारात.

"सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासाल?" मॅडमनी विचारलं. कोमलनं शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळण्यापासून झकास सुरुवात केली.

"एक मिनिट," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे मळणीयंत्र चालू आहे का? काही ऐकू येत नाही."

"पंखा आहे, सर. बंद करते." आणि तिनं बटन दाबलं.

सहावं मिनिट चालू होतं. गुरुजींनी संतरामकडे पाहिलं. संतरामनं आत पाहिलं, आणि डाळीसकट गोजरबाईंचं सूप आणि एक परात आणून गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी डाळ परातीत ओतली आणि सुपानं डब्यात वारा घालायला सुरुवात केली. सूप आवाज करत नाही. त्यात राहिलेला कोंडा मात्र उडतो.

"पाण्याचा अंश किती टक्के असावा?" साहेबांनी विचारलं, आणि थांबले. "तुमच्या केसांत काही पडतंय का? वादळ आहे का तिकडे?"

"नाही, सर. बाराच्या आत असावा."

गुरुजींनी जोर वाढवला, कारण एकोणिसावं मिनिट लागलं होतं. त्या जोरात सुपाचं टोक कॅमेऱ्याला लागलं आणि कॅमेरा वळला. पुण्याच्या कंपनीला आता उकिडवे बसलेले, घामानं भिजलेले, मिशीला कोंडा लागलेले एक वयस्कर गृहस्थ एका उघड्या डब्याला सुपानं वारा घालताना दिसले.

"हे कोण आहेत?" मॅडमनी विचारलं.

"माझे बाबा."

"ते काय करतायत?"

तीस वर्षं पोरांना बाकावर उभं करणारे विश्वंभर गुरुजी आपोआप उभे राहिले. हातातल्या सुपासकट त्यांनी पडद्याला नमस्कार केला. तोंड उघडलं, पण या वेळी एकही वाक्य निघालं नाही. आणि तेवढ्यात पडदा काळा झाला.

कोमलनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शेजारचा मोबाईल उचलला, दोनदा बोट फिरवलं आणि "माफ करा, सर, हां, दिसतेय का मी?" असं म्हणत ती ओसरीवर गेली. इतक्या सफाईनं गेली की तिनं याची तयारी तीन दिवस आधीच केली होती हे गुरुजींनाही समजलं. तिला सगळं ठाऊक होतं. बापाला वाईट वाटू नये म्हणून ती खुर्चीवर बसली होती.

गुरुजींना ते सुपापेक्षा जास्त लागलं.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी खाली बसून डबा खोलला. प्रोसेसरवरचा पंखा निघता निघेना. पिळून ओढला तेव्हा कर्रकन निघाला. खाली पांढरी, भेगा पडलेली खपली होती, जुन्या भिंतीवर असते तशी. संतरामनं ती नखानं उचलली, जिभेच्या शेंड्याला लावली आणि क्षणभर डोळे मिटले. या विषयात त्याचा शब्द शेवटचा होता.

"दाजी," तो म्हणाला, "ह्यो तर चुना हाय."

संतरामच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला.

"मंग आपुन धा दिवस काय खाऊन राहिलो?"

परात घ्यायला आलेल्या गोजरबाई दारातच उभ्या होत्या. गुरुजींनी मागे वळून पाहिलं नाही, कारण पाठीलाच ते समजलं होतं. "मी तुला सांगणारच होतो," ते डब्याकडे पाहत म्हणाले. "शपथ घ्यायचो मी पोरांकडून, आणि..."

"तुमी तंबाखू खाता हे मला लगीन झाल्यापासून ठावं हाय," गोजरबाई म्हणाल्या. "ते पेस्ट खाता, एवढं आज कळलं. पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मंग डाक्टरला फोन करते, दोघंबी चूळ भरा." आणि त्यांनी परात उचलली.

डॉक्टरांनी फोनवर दोनदा विचारून खात्री करून घेतली, भरपूर पाणी प्या आणि संध्याकाळी दाखवायला या असं सांगितलं आणि फोन ठेवताना ते हसले. दोघं मोरीवर चुळा भरत होते तेवढ्यात कोमल ओसरीवरून आत आली. केसांत कोंडा तसाच होता.

"पुढची फेरी शुक्रवारी," ती म्हणाली.

गुरुजींच्या तोंडातलं पाणी तोंडातच राहिलं. ते गिळून त्यांनी विचारलं, "माझं काही विचारलं का?"

"विचारलं. मी खरं ते सांगितलं. बाबांनी संगणक स्वतः बांधलाय, तीन सिस्टीम आहेत, तापतो म्हणून वारा घालतात. सर म्हणाले, गोदामात बियाणं तापू नये म्हणून असाच माणूस पाहिजे."

गुरुजींनी पदरासारखा टॉवेल तोंडाशी नेला. त्यामागे मिशी जराशी वर गेली असावी. "शुक्रवारच्या आत मी नांदेडहून नवी पेस्ट मागवतो," ते म्हणाले. "या वेळी चष्मा लावून बसतो. मूळ रचनेत दोष नव्हता, कोमल. तिन्ही सुना निर्दोष आहेत. हवं तर चौथी..."

"बाबा."

"काय गं?"

तिनं मोबाईल पुढे केला. "दोन टक्के राहिलेत. त्या डब्याचा प्लग काढून एवढा चार्जिंगला लावता का?"