सितूदादांचा अर्धा बैल

सितूदादा मोबाईलसमोर उभे राहिले की पडद्यावर त्यांचं अर्धंच अंग दिसतं. एक कान, एक खांदा, एक हात. उरलेल्या जागेत नुसती निळी भिंत.

बिरवाडीत आमच्या भाड्याच्या खोल्या शेजारी-शेजारी आणि कारखानाही एकच. दादा मूळचे कुडपणचे. शिमग्याच्या सोंगांत त्यांचा आणि थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णांचा, बैल साऱ्या पोलादपुरात गाजलेला. एका घोंगडीखाली दोघं. पुढचे पाय दादांचे, मागचे अण्णांचे. आता दर रविवारी दुपारी दादा मुंबईच्या एका ग्रुपबरोबर ऑनलाइन विनोदी कार्यक्रम करतात. लिहिलेलं काही नसतं. प्रेक्षक शब्द देतात, त्यावर तिथल्या तिथे सुचेल ते करायचं. हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच भरलं, म्हणून मोबाईल धरायची शिक्षाही मलाच.

बाकीचे कलाकार खुर्चीत बसून बोलत राहतात. दादांना ते पटत नाही. "तोंडानं काय, कोनपन बोलल. अंगानं बोलाया पायजे!" कुणी 'कुकर' म्हटलं की आधी त्यांची ढोपरं थरथरतात, मग खांदे, मग गाल. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या वहिनी आपला गॅस बघायला धावतात.

पण सगळं चौकटीच्या कडेला! मी खडूने रेघ मारली, हाताला धरून मधोमध आणलं. शब्द मिळाला की दादा पुन्हा कडेला. कार्यक्रम चालवणारी रिया अखेर वैतागली. "काका, पुढच्या रविवारीही असंच झालं तर तुम्हाला घेता येणार नाही हं."

मीही चिडलो. "दादा, अर्धी जागा कुणासाठी सोडता हो?"

दादा खाली बघत म्हणाले, "मागं अण्णा आसतो ना रे. पाय आपसूक सरकतात."

तीन वर्षांपूर्वी अण्णा झाडावरून पडले. तेव्हापासून पाय चालत नाहीत. शिमग्यालाही ते दार लावून घेतात. मला माझीच लाज वाटली.

अण्णांनाही गावातूनच कार्यक्रमात घ्यायचं म्हणून मी रियाला फोन केला, दादांनी कुडपणला. अण्णा नको नकोच म्हणत होते. शेवटी दादा म्हणाले, "तू नाय आलास तर मला काढतायत." मग मात्र ते तयार झाले.

रविवारी गावकऱ्यांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून रेंज येते त्या माळावर नेलं. रियाने दोघा भावांच्या चौकटी शेजारी-शेजारी लावल्या. शब्द आला, 'हायवे'. दादांनी घोंगडी डोक्यावर घेतली, वाकले आणि हायवेच्या मधोमध ठाण मांडून रवंथ करू लागले. बैलाच्या मागच्या बाजूच्या चौकटीत अण्णांचे हात मांडीवरच. दादांनी हॉर्न ऐकल्यासारखा कान हलवला.

आणि अण्णांचा हात पाठीमागून वर आला. कोपरातून डुलला, मनगटातून झटकला आणि दिसत नसलेल्या ट्रकच्या काचेवर सपकन बसला. काय शेपूट होतं ते! पुढून बिरवाडीत आणि मागून कुडपणात, अख्खा बैल उभा होता. रिया हसून हसून खुर्चीवरून घसरली. माळावरून शिट्ट्या आल्या. मी मोबाईल धरूनच नाचलो.

कार्यक्रम संपला, एकेक चौकट बंद झाली. दादा अजून वाकलेलेच.

"दादा, संपलं. उठा आता."

घोंगडीतून आवाज आला, "थांब रे जरा. त्याचं शेपूट हालतंय आजून."